दगडखाणीवरची शाळा आणि माझा तीन पानी अर्ज

फिर्यादी : कतरच्या उत्तर भागातील एका दगडखाणीच्या छावणीवरची एक खोलीची शाळा. सध्या अस्तित्वात नाही.

आरोपी : प्रस्तुत मजकूर लिहिणारा. वय पन्नाशीच्या आतबाहेर. मूळ राहणार रत्नागिरी जिल्हा, हल्ली मुक्काम दोहा. धंदा अर्जनविशी. शिक्षण मराठी पाचवी, तीही अर्धी.

काळ : एकोणीसशे पन्नासनंतरची काही वर्षे ते साठनंतरचा एक हिवाळा. नेमकी तारीख एका कागदावर होती. त्या कागदाची माझ्याकडची नक्कल मी माझ्याच हाताने फाडली.

साक्षीदार : एक, शाळेचे मास्तर, जे कागदोपत्री छावणीचे स्टोअरकीपर होते. दोन, पाण्याच्या टँकरवरच्या ड्रायव्हरची पत्नी. तीन, खाणीवरचा मुकादम. तिघांची नावे मला तोंडपाठ आहेत, पण ती येथे देत नाही. अर्जात नाव आले की माणसाचे काय होते, हे मी एकदा पाहिले आहे.

आता हकीकत.

सदर छावणी ज्या जागी होती तो मुलूख आमच्या रत्नागिरीच्या सड्यासारखा, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या कातळासारखा, सपाट. फरक इतकाच, की आपल्या सड्यावर पावसाळ्यात गवत तरी उगवते. तेथे चारी बाजूंना क्षितिजापर्यंत पांढरट दगड आणि वाळू, आणि मध्येच आमच्या पत्र्याच्या खोल्यांची एक ओळ. दोह्याच्या एका ठेकेदाराने रस्त्यासाठी खडी फोडण्याची खाण तेथे काढली होती. माणसे बहुतेक आपल्याकडची, रत्नागिरी-कुलाबा जिल्ह्यांतले मुसलमान. गवंडी, सुतार, ड्रायव्हर, स्वयंपाकी. मी तेथे टाइमकीपरचा मदतनीस म्हणून लागलो, परंतु माझा खरा मान निराळा होता. रत्नागिरीच्या कचेरीबाहेर मी एका जुन्या अर्जनविसाच्या हाताखाली सहा वर्षे काढली होती. इंग्रजी अर्जांचे नमुने मला पाठ होते. त्यामुळे पासपोर्टाचा कागद असो, रजेचा असो, घरी पाठवायचे पत्र असो, सगळे माझ्याकडे येत आणि मला ‘मुन्शी’ म्हणत. मी खुर्चीवर बसे, समोरचा उभा राही. हे मला फार आवडत असे.

छावणीत कुटुंबे फक्त सहा. ठेकेदाराची त्याला हरकत नव्हती, पण मुलांचे काय करायचे हा प्रश्न सगळ्यांनाच होता. सरकारी शाळा ज्या गावात सुरू झाली होती ते गाव लांब, आणि तेथे सगळे अरबीतून. टँकरच्या ड्रायव्हरने बायकोला आणि लहान मुलीला पहिल्यांदा आणले तेव्हा माझ्यासमोर तिला स्वच्छ सांगितले होते.

“एक वरीस राहा. पोरगी आडाणी राहिली तर मला नको हा संसार. शाळा नाय झाली तर पुढल्या आगबोटीनं परत.”

ती बाई, आम्हा सगळ्यांची भाबी, लग्नानंतर आठ वर्षे नवऱ्यावाचून सासरी राहिली होती. त्या आठ वर्षांतली तिची पत्रे कोण लिहीत असे, ठाऊक नाही, पण ती येथे आल्यावर तिच्या आईला जाणारी पत्रे मी लिहीत असे. ती म्हणाली, “शाळा होईल. नाय झाली तर मी बांधीन.”

आणि खरोखरच तिने बांधली, असे म्हणायला हरकत नाही. स्टोअरकीपर म्हणून जे गृहस्थ होते ते गावाकडे प्राथमिक शाळेत मास्तर होते. भाबी त्यांच्या खोलीसमोर तीन शुक्रवार जाऊन बसली. चौथ्या शुक्रवारी मास्तर बाहेर येऊन म्हणाले, “बाई, खोली कुठं आहे?” ती म्हणाली, “तुमी हो म्हना, खोली दिसंल.”

पुढचे सगळे शुक्रवार पुरुषमाणसे कामाला लागली. खाणीतले वाकडेतिकडे, खडीच्या कामाचे नसलेले दगड घेतले. मुकादम स्वतः गवंडी, त्याने भिंती उभ्या केल्या. छपराला आफ्रिकेहून गलबताने येणारे ते लांब वासे, त्यावर खजुराच्या झावळ्यांच्या चटया, वर मातीचा गिलावा. दार यंत्राच्या खोक्याच्या फळ्यांचे, त्यावर उलट्या अक्षरांत ‘वरची बाजू’ असे इंग्रजीत छापलेले राहिले ते राहिलेच. मोडक्या ट्रकचा पत्रा सरळ करून काळा रंगवला, तो फळा. खडू नव्हते, तिकडे भिंतींना लावतात त्या पांढऱ्या चुनखडीचे तुकडे मास्तर घासून गोल करीत. बाके नव्हती, सिमेंटच्या रिकाम्या गोण्या होत्या. एका लोखंडी नळीचा तुकडा दाराशी टांगला होता, तो पान्ह्याने वाजवला की शाळा भरे. आमची नऊ मुले आणि स्थानिक पहारेकऱ्याची दोन. ती दोन मुले आकड्यांपुरती येत, बाराखडी सुरू झाली की शेळ्यांकडे पळत.

मास्तर स्टोअरचे काम पहाटेपासून उरकून दोन तास शाळा घेत. तेव्हाचा मुदीर, म्हणजे छावणीचा व्यवस्थापक, तिकडे काणाडोळा करी. परवानगी कुणी मागितली नाही, कुणी दिली नाही. असे सहा वर्षे चालले.

या सहा वर्षांत माझे काय बिघडले, ते आता नमूद करतो.

दुसऱ्या वर्षापासून मास्तरांनी संध्याकाळी मोठ्या माणसांचा वर्ग सुरू केला. अंगठा देणारी माणसे सही करायला शिकू लागली. मग घरची पत्रे स्वतः लिहू लागली. पत्रे कसली, चार वेड्यावाकड्या ओळी, ‘मी खुशाल आहे, तुम्ही खुशाल राहा’. पण माझ्या दारातली गर्दी कमी झाली. एके दिवशी भाबी पाण्याचा डबा घेऊन जाताना थांबली आणि हसत म्हणाली, “मुन्शी, आता आमच्या आईच्या पत्राचा त्रास नाय हो तुमाला. माझी पोर लिवते. तुमच्यासारखं ‘साष्टांग विनंती विशेष’ नाय लिवत, पण माझ्या आईला कळतं तरी.”

तिच्या बोलण्यात विष नव्हते. मी मात्र ते मनात धरले.

त्याहून मोठी गोष्ट एका शुक्रवारी दुपारी घडली. मी एका अर्जाचा मसुदा मास्तरांना दाखवला. दाखवला तो वाहवा मिळावी म्हणून. त्यांनी चष्मा लावून शांतपणे वाचला आणि सगळ्यांसमोर, अगदी सहज, म्हणाले, “मुन्शी, संध्याकाळी वर्गात येऊन बसत जा ना. तुमचं इंग्रजी पक्कं होईल. पाठांतर चांगलं आहे तुमचं.”

मुकादम लगेच ओरडला, “अरे, मुन्शीला गोणी द्या रे बसायला! नवीन गोणी द्या, साहेब माणूस हाय!”

सगळे हसले. मास्तर हसले नाहीत, उलट मुकादमाला गप्प करू लागले, आणि तेच मला जास्त लागले. त्या दिवसापासून मी शाळेच्या बाजूने जाणे टाळले.

पुढे साठनंतरच्या एका हिवाळ्यात दोन दिवस पाऊस पडला आणि पाठोपाठ शमाल, म्हणजे उत्तरेचा जोराचा वारा, सुटला. शुक्रवार असल्याने शाळा रिकामी होती. दुपारी मोठा आवाज झाला आणि छपराचा एक कोपरा भिजलेल्या मातीसकट खाली बसला. तीन वासे मोडले होते, चटया कुजल्या होत्या. बाकी इमारत धड होती. कुणाला खरचटलेदेखील नाही.

जुना मुदीर असता तर स्टोअरमधून वासे निघाले असते. नवीन मुदीर लेबनॉनकडचा, मनाने चांगला, पण कागदाशिवाय खिळा न देणारा. त्याने मास्तरांना सांगितले, “दोह्याच्या ऑफिसला एक कागद लिहा, दुरुस्तीचं सामान हवं म्हणून. मी शिफारस करतो. खलास.”

सगळे माझ्याकडे आले. कितीतरी दिवसांनी माझ्या खुर्चीसमोर रांग उभी राहिली. मास्तर म्हणाले, “मुन्शी, फार लिहू नका. दहा वासे, वीस चटया. चार ओळी पुरेत.”

मी म्हणालो, “मास्तर, शिकवणं तुमचं, लिहिणं माझं.”

ते म्हणाले, “बरोबर आहे,” आणि निघून गेले.

आता मी ज्या पद्धतीने काम करीत असे ती सांगणे जरूर आहे. माझ्या उस्तादांनी मला शिकवले होते, की ज्या अर्जात कुणाचा दोष दाखवलेला नाही तो अर्ज साहेब बाजूला ठेवतो. नुसती मागणी वाचून साहेबाला काही करावे लागत नाही. दोष वाचला की करावे लागते. म्हणून जमिनीचा अर्ज असो की विहिरीचा, आम्ही कुठे ना कुठे कुणाची तरी हयगय लिहीत असू. कचेरीच्या आवारात हे सगळ्यांना ठाऊक होते. वाचणाऱ्या साहेबालाही ठाऊक होते. त्यामुळे त्या दोषाने तेथे कुणाचे विशेष वाकडे होत नसे. परदेशी ठेकेदाराच्या ऑफिसात लिहिलेला शब्द जसाच्या तसा खरा धरतात, हे मला कळायला हवे होते. कळत नव्हते, असे मी इतकी वर्षे स्वतःला सांगितले. ते पुरते खरे नाही.

मी तीन पाने लिहिली. पहिल्या पानावर इमारतीची अशी दुर्दशा रंगवली, की वाचणाऱ्याला मुलांचे मृतदेहच दिसावेत. दुसऱ्या पानावर लिहिले, की सदरहू इमारत ठेकेदाराच्या जागेवर, ठेकेदाराच्या दगडांनी, कोणत्याही लेखी परवानगीवाचून उभारण्यात आली आहे. आणि ‘छावणीचा स्टोअरकीपर, ज्याच्याकडे येथे शिकवण्याचा कोणताही दाखला नाही, कामाच्या वेळात तेथे वर्ग भरवितो’. हे वाक्य लिहिताना माझी लेखणी थांबली होती. मी उठून पाणी प्यालो. परत येऊन बसलो आणि वाक्य पूर्ण केले. शेवटी लिहिले, की उद्या एखाद्या निष्पाप जिवाचे बरेवाईट झाल्यास त्याची जबाबदारी ठेकेदाराच्या शिरावर राहील. या शेवटच्या वाक्याचा मला इतका अभिमान वाटला, की मी ते मोठ्याने दोनदा वाचले.

आमच्या धंद्यात एक रीत आहे. इंग्रजी अर्जावर अंगठा किंवा सही घेण्यापूर्वी तो अर्ज लोकांना त्यांच्या बोलीत पूर्ण वाचून दाखवायचा. त्यावाचून अंगठा घेतला तर तो हराम. माझे उस्ताद इतर बाबतींत कसेही असोत, ही रीत त्यांनी कधी मोडली नाही. त्या संध्याकाळी शाळेच्या धड बाजूच्या भिंतीला टेकून लोक बसले, मुले पुढे, बायका मागे, आणि मी वाचून दाखवले. पहिले पान नीट वाचले. लोकांनी माना डोलावल्या. दुसऱ्या पानावर आलो आणि माझ्या डोळ्यांनी इंग्रजी पाहत माझ्या तोंडाने भलतेच सांगितले : ‘मास्तर स्टोअरचे काम सांभाळून, एक पैसा न घेता, मुलांना शिकवतात.’

भाबी मागून म्हणाली, “हे बेस लिवलंत मुन्शी. एवढं तरी कुनीतरी लिवायला हवं होतं.”

मग सह्या झाल्या. त्याच वर्गात शिकलेली माणसे होती ती. मुकादमाने पूर्वी माझ्याकडे कितीदा अंगठा उमटवला होता. त्या दिवशी त्याने पेन मागितले, बोटे पायजम्याला पुसली आणि सही केली. सुताराने केली. भाबीने मुलीला जवळ बसवून जीभ दातांत धरून एकेक अक्षर काढले, शेवटी मान तिरकी करून लांबून पाहिले आणि म्हणाली, “आता फाशी दिली तरी चालंल.” सगळे हसले. मीही हसलो.

मास्तर सर्वांत शेवटी, स्टोअरला कुलूप लावून आले. छावणीत पुरते इंग्रजी वाचणारे तेवढेच एक. मी पाने त्यांच्यापुढे धरली. ती मागे घ्यावीत, पावसात भिजली म्हणून सांगावे, रात्री पुन्हा लिहावीत, हे सगळे मनात येऊन गेले. त्यांनी चष्म्यासाठी खिसा चाचपला, तो स्टोअरमध्ये राहिला होता.

“सगळ्यांना वाचून दाखवलंत ना?” त्यांनी विचारले.

“दाखवलं,” मी म्हणालो.

“मग मी निराळं काय वाचायचं?” असे म्हणून त्यांनी तिसऱ्या पानाच्या तळाशी सही केली.

मुदीरला इंग्रजी बेताचेच, त्याने शिफारशीची ओळ जोडून अर्ज दोह्याला धाडला, आणि पंधरा-वीस दिवसांनी तेथून जीप आली. एक इंजिनिअर उतरला, भिंतीवर हात फिरवून पाहिला, फोटो काढले, मुलांना मिठाई वाटली आणि गेला. लोकांना वाटले, आता वासे येणार. आला तो कागद. विनापरवाना व धोकादायक बांधकाम आठवड्यात पाडून टाकावे. स्टोअरकीपरने कामाच्या वेळेचा गैरवापर केल्याने त्याच्या कराराची मुदत वाढवू नये. मुदीर बिचारा कागद घेऊन खोलीत फेऱ्या मारत होता. त्याने मास्तरांना बोलावले आणि पुरावा म्हणून सोबत आलेली माझ्या अर्जाची प्रत त्यांच्या हातात दिली.

मी टाइम-ऑफिसच्या खिडकीतून पाहत होतो. मास्तरांनी या खेपेस चष्मा लावला. तिन्ही पाने सावकाश वाचली. दुसरे पान दोनदा वाचले. मग घडी करून मुदीरला परत दिली.

त्या दिवशी मी जेवलो नाही. ते येतील, चारचौघांत माझी गचांडी धरतील, असे वाटत होते. आणि खरे सांगायचे तर धरावी असेही वाटत होते. ते आले ते दुसऱ्या दिवशी दुपारी, मी एकटा असताना. दारातच उभे राहिले.

“तुम्हाला वर्गात बसायची गरज नव्हती, मुन्शी,” ते म्हणाले. “इंग्रजी चांगलं आहे तुमचं. मी उगाच बोललो तेव्हा.”

मी काहीतरी पुटपुटलो. ‘रीत असते, दोष लिहावा लागतो,’ असे काही.

“लोकांना मी सांगितलंय की ऑफिसला परवानगी नसल्याचं आपोआप कळलं. नवी सही शिकलेला माणूस घाबरतो हो. पुन्हा पेन धरणार नाहीत.” एवढे बोलून ते स्टोअरकडे गेले.

म्हणजे त्यांनी मला वाचवले नाही. त्यांनी त्या लोकांच्या सह्या वाचवल्या. मी मात्र त्या आडोशाला उभा राहिलो आणि आजतागायत उभा आहे.

इमारत मुकादमाने पाडली, कारण दुसऱ्या कुणी पाडू नये असे त्याचे म्हणणे होते. दगड खडीच्या यंत्रात गेले. मास्तर करार संपताच मायदेशी परतले. पुढे दुसऱ्या वर्षी ते वारले असे कळले. पहारेकऱ्याची मुले सरकारी शाळेत जाऊ लागली. आमच्या सहा कुटुंबांपैकी पाच त्या उन्हाळ्याआधी परतली, सहाव्याला मूलबाळ नव्हते.

भाबी निघाली तेव्हा ड्रायव्हरने टँकर दोह्याच्या धक्क्यापर्यंत नेला. मीही कागदपत्रांसाठी बरोबर होतो, कारण तिकिटांचे, पासपोर्टाचे अर्ज अर्थात मीच लिहिले होते. धक्क्यावर लाँच आली तेव्हा नवरा म्हणाला, “दोन वर्सांनी रजेवर येतोच हाय.”

“या,” ती म्हणाली. “आठ वर्सं काढली तिथं आणिक दोन.”

मग माझ्याकडे वळली. डोक्यावरचा पदर सारखा केला. “मुन्शी, तुमी लय खटपट केलीत. तीन पानं लिवलीत. कुनी नाय करत दुसऱ्यासाठी. अल्ला तुमाला देईल.”

मी म्हणालो, “इन्शाल्ला.” ती मुलीचा हात धरून लाँचमध्ये उतरली, आणि मुलगी मागे वळून मला ‘खुदा हाफिज चाचा’ म्हणाली.

पुढची हकीकत थोडी आहे, पण तीच मला झोपू देत नाही. ड्रायव्हर कधी शाळेत बसला नव्हता. टँकर घेऊन तो सतत रस्त्यावर. मुलीची पत्रे आली की तो माझ्याकडे वाचायला आणी. मी छावणी सोडून दोह्यात आलो, तो शहराच्या टँकरवर आला, तरी पत्रे घेऊन येत राहिला. मुलीचे अक्षर वर्षागणिक सुरेख होत गेले. ‘बाबा, मी सातवीत गेले.’ ‘बाबा, आई विहिरीवर पडली होती, आता बरी आहे. तुम्हाला सांगू नको म्हणाली होती.’ ‘बाबा, रजेवर आलात तेव्हा मला तुमच्याशी काय बोलावे ते सुचले नाही, रागावू नका.’ हे सारे त्या बापाने माझ्या तोंडून ऐकले. ऐकताना तो भिंतीकडे तोंड करून बसे. प्रत्येक पत्राच्या शेवटी ‘मुन्शी चाचांना सलाम’ असे. तेवढी ओळ मी गाळीत असे.

गेल्या महिन्यात तो आला तेव्हा त्याच्या दाढीत काळा केस शोधावा लागत होता. मुलीचे लग्न ठरले आहे. तो म्हणाला, “मुन्शी, माझी पोर छावणीतून गेल्यापास्नं तिला मी एकूण किती दिवस बघितली, हिशेब करा बघू. तुमी लिवणारी माणसं.” मी कागद घेतला आणि तसाच ठेवला. अर्जाचे त्याला सांगणे त्याही दिवशी झाले नाही. तो गेल्यावर हे लिहायला बसलो.

तरी विनंती विशेष ती अशी. सदरहू मुलगी आता लिहितीवाचती, सज्ञान आहे. हा मजकूर मी मराठीत, माझ्या हाताने, कुणाचा अंगठा न घेता लिहिला आहे, आणि पहिली प्रत तिच्याकडे पाठवत आहे. तिच्या आईने ज्या अर्जावर सही केली त्यात काय होते, ते वर नमूद केले आहे. तिच्या वडिलांना हे कुणी सांगावयाचे, मी का तिने, याचा निर्णय तिने व तिच्या आईने करावा. मी सांगावयाचे ठरल्यास तसे कळताच त्याच दिवशी सांगेन. मला माफी मिळावी अशी मागणी या अर्जात नाही. उत्तर मिळावे एवढीच आहे. ते रागाचे असले तरी चालेल, पण यावे.

कळावे.

आपला आरोपी,
अर्जनवीस, मुक्काम दोहा.